गाव सोडलेले आणि गाव सुटलेले

(मिरा-भाईंदर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला एक निबंध घालत: ‘माझे गाव’. गाव कोणते, हे मात्र मुलाने स्वतः ठरवायचे. उत्तनचा मुलगा उत्तनवर लिहायचा, त्याच्या शेजारचा राजापूरवर, मागच्या बाकावरचा जौनपूरवर, तर आणखी कोणी मारवाडातल्या एखाद्या गावावर. गुरुजी ते सगळे निबंध वर्गात वाचून घेत आणि कुणाचेही गाव चुकीचे ठरवत नसत. आज मी जे बोलणार आहे त्याचे बीज त्या निबंधांतच आहे. म्हणून त्यांना वंदन करून विषयाला हात घालतो.

आपल्या शहरात गावाची ओढ दोन प्रकारची आहे. पहिली गाव सोडून आलेल्यांची. ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे, तिच्यावर कविता झाल्या, नाटके झाली, तिच्यासाठी जादा गाड्या सुटतात. दुसरी ओढ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती आहे गाव कधीच न सोडलेल्यांची. त्यांचे घर जिथे होते तिथेच आहे, विहीर तिथेच आहे, क्रूस किंवा देऊळ तिथेच आहे. पण आजूबाजूचे गाव मात्र निसटून गेले. पहिल्याने गाव सोडले, दुसऱ्याला गाव सुटले. मिरा-भाईंदरमध्ये हे दोघे एकाच रिक्षाच्या रांगेत उभे असतात आणि एकमेकांकडे परके म्हणून पाहतात. मला आज एवढेच सांगायचे आहे की या दोघांचे दुःख एकच आहे, आणि ते ओळखल्याशिवाय या शहराला स्वतःची ओळख मिळणार नाही.

हे शहर किती वेगाने उभे राहिले, ते आधी पाहू. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ च्या फेब्रुवारीत महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये सुमारे पाच लाख वीस हजार आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. म्हणजे अवघ्या वीस वर्षांत साडेचार पट. कोणत्याही समाजाला एवढे नवे शेजारी एवढ्या थोड्या काळात मिळाले की त्याची मान खाली जाते, नाही तर ताठ होते. मिठागरे आणि भातखाचरे होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. नवघर, गोडदेव, खारी, मिरे, काशी, पेणकरपाडा ही गावे होती. त्यांतली बरीचशी आता रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यापुरती उरली. ज्या आगरी कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या मीठ पिकवले, त्यांच्या नातवंडांना मिठाचा आगर कसा फोडतात हे ठाऊक असायचे कारण राहिले नाही.

आता भाईंदरहून पश्चिमेला वळू. राई, मुर्धे, मोर्वा ही गावे मागे टाकली की डोंगरी, तारोडी, उत्तन, चौक, पाली. समुद्र आणि खाडी यांच्या मधला हा भूभाग जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हणून ओळखला जातो. इथे मोठ्या संख्येने राहतात ते कॅथलिक ख्रिस्ती, कोळी आणि शेतकरी. ते घरात मराठी बोलतात. त्यांच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होते. त्यांच्या आज्या लुगडे नेसतात. त्यांची आडनावे मात्र पोर्तुगीज वळणाची. बाहेरून आलेल्या माणसाला हे पाहून नवल वाटते आणि तो हमखास विचारतो, “तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कसे?” या एका प्रश्नाने त्या माणसाच्या चारशे-पाचशे वर्षांना धक्का बसतो, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसते.

इतिहास थोडक्यात सांगतो. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि तिच्याबरोबर साष्टी, मुंबई हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्या काळात इथली अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या मोहिमेने साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली. घोडबंदरचा किल्ला आणि चौकजवळचा जंजिरे धारावी या मोहिमेत मोक्याचे ठरले. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. या तीन सत्तांच्या खाली राहिलेल्या या माणसांनी काय राखले, ते पाहा. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात त्यांची मराठी गेली नाही, आणि त्यानंतरच्या पस्तीस वर्षांच्या मराठी अमलात त्यांचा धर्म गेला नाही. दोन्ही वेळा त्यांना एक काहीतरी सोडून देणे सोपे होते. त्यांनी दोन्ही धरून ठेवले. आपण त्यांना ‘दोन संस्कृतींच्या मधले’ म्हणतो, ना धड इकडचे ना धड तिकडचे समजतो. मला ते दोन्हीकडचे पुरेपूर वाटतात.

हे पुरेपूर असणे कसे दिसते, ते एका मसाल्यावरून सांगतो. उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत, इथल्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला होतो. मिरच्या अंगणात चटईवर पसरून खडखडीत वाळवायच्या आणि त्यांची देठे खुडायची. धणे, तीळ, खसखस, मोहरी, दालचिनी, लवंग, नागकेशर असे दोन डझनांवर जिन्नस निवडून ठेवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडून होतात तेव्हा धण्यांना अजून रंगही चढलेला नसतो. मग उखळ. पूर्वी दोघी-तिघी बाया समोरासमोर उभ्या राहून कांडत. एकीचे मुसळ वर जाई तेव्हा दुसरीचे खाली येई, आणि हा ठेका चुकू नये म्हणून गाणी म्हणत. कांडलेला मसाला चाळून बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, आत हवा राहू द्यायची नाही, वर घट्ट बूच मारायचे. गडद काच उजेड अडवते, म्हणून रंग आणि वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतो. याच बाटलीवरून त्याला बॉटल मसाला म्हणतात.

यातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, बाटली इंग्रजी अमदानीत. उखळ-मुसळ आणि कांडायची गाणी मात्र इथलीच, मराठी. हा मसाला घातलेले कालवण खाताना कोणाला तो अर्धा परदेशी लागत नाही. तो उत्तनचा लागतो, आणि घराघरांत त्याचे प्रमाण वेगळे असल्यामुळे कुठल्या घरचा तेही जाणत्याला ओळखू येते. संस्कृती अशीच होते. बाहेरून आलेली वस्तू हाताखालून पुरेशा वेळा गेली की ती आपली होते. गाडी रुळावरून घसरते ती एवढ्यासाठीच की आपण वस्तूचा जन्मदाखला मागतो आणि तिला रोज हाताळणारे हात विसरतो.

लग्नाचेही तसेच. चर्चमधला विवाहविधी रोमन कॅथलिक परंपरेचा. पण आदल्या दिवशी मांडव पडतो, आणि बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी ‘उंबराचं पाणी’ आणतात. लग्नात ताडीने आंबवलेल्या पिठाचे फुगे तळतात. आता उत्तन-पालीच्या विहिरी कमी झाल्या, काही बुजल्या, काहींवर जाळ्या बसल्या. विहीर गेली की हा विधी कुठे करायचा? गाव न सोडता गाव सुटणे म्हणतो ते हे. समुद्राचेही काही वेगळे नाही. डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून चालते, आणि बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळतात. वलांडीला मोकळी, वाऱ्याची जागा लागते. नकाशा काढणाऱ्याला ती जागा रिकामी दिसते. कोळणीला ती कारखाना दिसते. मेट्रोच्या कारशेडचा विचार आधी राई-मुर्धे-मोर्वा भागात झाला, तिथल्या गावकऱ्यांच्या विरोधानंतर तो डोंगरीकडे वळला, आणि तिथे झाडांचा प्रश्न उभा राहिला. शहराला मेट्रो हवी, यात वाद नाही. पण शहराच्या सोयीची किंमत दरवेळी त्याच पाच-सहा गावांच्या पदरी पडते, तेव्हा त्या गावांतल्या माणसाला आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखे वाटू लागते.

असे वाटण्याला याच समाजात जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नोकरीधंद्यासाठी गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती येऊ लागले. धर्म एक, आडनावे सारखी. इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांना आपण वेगळे आहोत, या मातीचे आहोत, हे सरकारदरबारी दाखवावे लागले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. राहायचे पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचे. पण त्यामागची निकड खरी होती. शेजार बदलला की माणसाला आपले नाव मोठ्याने उच्चारावेसे वाटते. आज मराठी माणसाला जे वाटते, तेच त्यांना तेव्हा वाटले.

याच समाजाने आपल्याला काका बॅप्टिस्टा दिले. जोसेफ बॅप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीचे. ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे मुंबई महापालिकेचेही अध्यक्ष. टिळकांना त्यांच्या मराठीपणाबद्दल शंका आली नाही. शंभर वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी अनेक वर्षे चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले आणि त्याच ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तरीही त्यांच्या निवडीच्या वेळी काही जणांनी विरोध केला. २०२४ च्या जुलैत ते गेले. ज्या माणसाने आयुष्यभर मराठीची सेवा केली त्याला शेवटच्या वर्षांतही मराठीपणाचा दाखला मागितला गेला, याचे मला अतिशय वाईट वाटते. ते बोलून दाखवायलाच हवे.

आता गाव सोडून आलेल्यांकडे येतो. मी स्वतः त्यांच्यातलाच. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले; वडील गिरणगावात आले आणि चाळीतली खोली पुरेना तेव्हा आम्ही भाईंदरला आलो. गणपतीला गाव आणि मेमध्ये गाव, एवढे दोन धागे आम्ही जपले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि गावाचे अंतर कमी झाले. पण मला एक गोष्ट हळूहळू कळत गेली. आमच्या बोलण्यातले गाव वडिलांनी सोडले त्या वर्षी थांबले होते. तिथे अजून चूल होती, नांगर होता, माजघरात अंधार होता. प्रत्यक्षातल्या गावात मात्र गॅस आला, शेती पडीक पडली, भावकीची मुले पुण्याला गेली. आम्ही ज्याची आठवण काढत होतो ते आता कोकणातही नव्हते. म्हणजे गाव सोडलेल्यालाही शेवटी गाव सुटतेच. उत्तनच्या माणसाच्या आणि माझ्या दुःखात फरक राहतो तो एवढाच, की त्याला ते दारात उभे राहून दिसते आणि मला गाडीतून उतरल्यावर.

माझ्या सोसायटीतल्या जौनपूरच्या किंवा मारवाडच्या कुटुंबाचेही असेच आहे. जेसल पार्कच्या खाडीकिनारी छठपूजेला सूप हातात घेऊन पाण्यात उभी राहणारी बाई गंगेच्या नाही तर घाघरेच्या काठावरून आलेली असते. तिच्या मुलीने ती नदी सुट्टीत पाहिलेली आहे, नातीने कदाचित फोनवरच. ही नात मराठी शाळेत किंवा इंग्रजी शाळेत जाईल, पण तिचे ‘माझे गाव’ मिरा-भाईंदरच असेल. ती इथली होणार आहे. ती कशी इथली होईल, हे बरेचसे आपल्यावर आहे.

ओढीच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने गेले की ओढ कुंपण घालते. मग जुने जे होते ते शुद्ध होते, आलेल्यांनी ते विटाळले, अशी मांडणी सुरू होते. २०२५ च्या जुलैत आपण या शहरात हे फार जवळून पाहिले. एका दुकानदाराला भाषेवरून मारहाण झाली, व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला आणि मिरा रोडचे नाव देशभर गेले. मी मराठीचा आग्रही आहे, आणि तो आग्रह लपवत नाही. या राज्यात व्यवहार मराठीत व्हावा, पहिलीपासून मुलांवर तिसरी भाषा लादू नये, दुकानाची पाटी मराठीत असावी, या मागण्या रास्त आहेत. पण हात उगारून कोणाच्या गळी भाषा उतरत नाही. शिवाय एक प्रश्न मला तेव्हा फार टोचला. मराठीसाठी आपण एवढे रस्त्यावर उतरलो, तेव्हा या भूमीवर पिढ्यान्पिढ्या मराठी जपणाऱ्या उत्तनच्या ख्रिस्ती आजीचे नाव आपल्यापैकी किती जणांच्या तोंडी आले? मराठीचा तिच्याइतका खणखणीत पुरावा या शहरात दुसरा नाही.

दुसऱ्या वाटेने गेले की ओढ कामाला लावते. याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण कोकणातूनच गेलेले आहे. अलिबाग-पेण भागातल्या बेने इस्रायली ज्यूंनी शतकानुशतके कोकणात शनिवार पाळला, तेल गाळले, मराठी बोलले आणि किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावे लावली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक हळूहळू इस्रायलला गेले. ज्या भूमीची त्यांच्या प्रार्थनेत शतकानुशतके आठवण होती, तिथे पोचल्यावर त्यांना विचारले गेले की तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्नाच्या नोंदीवरून त्यांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना पूर्ण मान्यता दिली. म्हणजे इथे ते ज्यू म्हणून वेगळे, तिथे भारतीय म्हणून वेगळे. त्यांनी यावर काय केले? त्यांनी मलिदा करणे सोडले नाही. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचे ताट मांडून संदेष्टा एलियाहूची प्रार्थना आजही होते. त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिकडे चालवले. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने केली. ते हिब्रू शिकले, सैन्यात गेले, इस्रायली झाले, आणि मलिद्याच्या दिवशी मराठीही राहिले. हे दोन्ही जमले, कारण त्यांची आठवण दर महिन्या-दोन महिन्यांनी हाताने करायच्या एखाद्या गोष्टीला बांधलेली होती. नुसत्या अभिमानाला बांधलेली आठवण एका पिढीत विरते.

मग आपण इथे काय करायचे? मला सुचते ते सांगतो.

पहिले काम नोंदीचे. उत्तन, पाली, डोंगरी इथली बोली, लग्नातली आणि कांडणातली गाणी, आगऱ्यांची मिठागराची भाषा, डोलीच्या मासेमारीतले वारे आणि पाणी यांचे ज्ञान जाणणाऱ्या बहुतेक व्यक्ती आता सत्तरीच्या पुढे आहेत. प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांना हे काम गुणांसाठी द्यावे. आणि त्यात जौनपूरच्या मुलीला उत्तनच्या आजीकडे पाठवावे, उत्तनच्या मुलाला छठ करणाऱ्या बाईकडे. परक्याने विचारले की माणूस आपल्या घरच्यांना न सांगितलेले सांगतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

दुसरे काम बोलण्याचे. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सोसायटीतल्या वॉचमनशी आपण मराठी माणसेच आधी हिंदी सुरू करतो आणि मग कोणी मराठी बोलत नाही म्हणून हळहळतो. समोरच्याला मराठी शिकण्याची संधी आपणच नाकारतो. सावकाश, सोपे, पण मराठीतच बोलावे; चुकले तर हसू नये. भाषेच्या मोर्चाइतकेच हे कामही निकडीचे आहे, आणि ते रोज करता येते.

तिसरे काम जागेचे. गावठाणांच्या सीमा, विहिरी, क्रूस, देवळे, मासळी वाळवायच्या जागा यांची नोंद शहराच्या आराखड्यात ठळकपणे असावी. नव्या रस्त्यांना, उद्यानांना, स्थानकांना इथल्या गावांची नावे द्यावीत. ज्या विहिरीवर उंबराचं पाणी आणतात ती विहीर बुजू नये, यासाठी त्या समाजानेच एकटे का झगडावे? तिथे मी जायला हवे, माझ्या सोसायटीतल्या गुजराती शेजाऱ्याने यायला हवे. आज त्यांचे गाव राखायला जो जाईल, उद्या त्याच्या सणासाठी खाडीचा किनारा राखायला तेही येतील.

बंधुभगिनींनो, ज्याला आपण संस्कृतींचे अंतर म्हणतो त्यात राहणारी माणसे दुबळी असतात, असा एक समज आहे. उत्तनने तो केव्हाच खोटा ठरवला आहे. तीन राजवटी पाहून ज्यांनी भाषा आणि श्रद्धा दोन्ही सांभाळल्या, त्यांच्याकडून शिकायची संधी आठ-दहा किलोमीटरवर असताना आपण ओळखीचा प्रश्न घेऊन भांडत बसलो आहोत. गाव सोडून आलेल्यांनी गाव सुटलेल्यांचे ऐकावे, आणि गाव सुटलेल्यांनी आलेल्यांना आपले गाव दाखवावे. येत्या वर्षात या सभागृहातल्या प्रत्येकाने निदान एका शेजाऱ्याला ‘तुमचे गाव कसे होते?’ हा प्रश्न मराठीत विचारावा आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे. मिरा-भाईंदर हे आपल्या सर्वांचे गाव व्हायचे असेल, तर सुरुवात तिथूनच होईल.